कचऱ्याच्या ढिगावर उगवलेले रान

मुंबईत शीव-वांद्रे जोडरस्त्याने जाताना एका बाजूला धारावीची दाटीवाटीची वस्ती दिसते, तर मिठी नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती. या दोहोंच्या मध्ये सुमारे ३७ एकरांचे दाट रान उभे आहे. आत शिरताच रस्त्यावरचा गोंगाट मागे पडतो, अंगाला गारवा जाणवतो. येथे एकेकाळी शहराचा कचरा आणून टाकला जात असे, हे नवख्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही.

हे आहे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मुंबईत मोकळ्या जमिनीला सोन्याचे मोल; तरीही कचराभूमी बंद झाल्यावर या जागी इमारतींऐवजी झाडे लावायचे ठरले. कचऱ्यावर माती पसरून, रोपे जगवून हे रान उभारण्यात आले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, ते लोकांसाठी खुले झाले.

केवळ शोभा नव्हे

बाग म्हणजे शहराची शोभा, पैसे उरले तर करायची हौस, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये, अशी शाश्वत विकासाची व्याख्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली केली. या कसोटीवर पाहिले, तर नळ आणि गटारे यांच्याइतकीच झाडेही शहराची गरज ठरतात.

सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडतात. म्हणूनच उन्हाळ्यात शहरातल्या रात्री निवत नाहीत. याचा सर्वाधिक त्रास होतो तो पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना, वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना. झाड सावली तर देतेच, शिवाय पानांवाटे पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा गार ठेवते.

पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे पाणी घराघरांत शिरले. एवढा पाऊस कोणतीही बाग अडवू शकणार नाही, हे खरे. पण फरशा घातलेल्या जमिनीवरचे पाणी एकदम गटाराकडे धावते. उघडी माती मात्र त्यातले काही मुरवते, काही थोपवून धरते. नेहमीच्या पावसात रस्ता तुंबणार की नाही, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते.

कोलकात्याचा धडा

कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी येथील तळ्यांत येते, ऊन आणि सूक्ष्मजीव ते शुद्ध करतात, त्यावर मासे पोसले जातात आणि भाजीपाला पिकतो. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने या व्यवस्थेचे मोल जगापुढे मांडले. २००२ साली या प्रदेशाचा समावेश रामसर यादीत झाला. सांडपाण्याची सोय, मासळी आणि हजारोंचा रोजगार, असे तिहेरी काम ही जागा करते. तेथे भराव घालून इमारती उभ्या केल्या, तर हीच कामे पैसे मोजून करून घ्यावी लागतील.

बाग कोणासाठी?

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित हिरव्या जागा मिळाव्यात, असे म्हटले आहे. त्यात स्त्रिया, मुले, वृद्ध आणि अपंग यांचा खास उल्लेख आहे. ज्यांना परवडते ते क्लबात जातील, सुटीत थंड हवेच्या ठिकाणी जातील. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गृहिणीला मात्र घटकाभर मोकळा श्वास घ्यायला कोपऱ्यावरची बागच असते. त्या बागेत दिवे नसतील, बसायला बाक नसेल, किंवा दुपारभर फाटकाला कुलूप असेल, तर ती नकाशावर असून नसल्यासारखीच.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. कर्नाटकात १९७६ चा, तर दिल्लीत १९९४ चा कायदा आहे. आपल्या गल्लीतल्या झाडावर तोडणीची नोटीस लागलेली दिसली, तर ती वाचा आणि मुदतीत लेखी हरकत घ्या. बुंध्याभोवती सिमेंट ओतू देऊ नका. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा आपल्या प्रभागातील उद्यानाचे आरक्षण कायम आहे ना, हेही पाहून घ्या.

कचऱ्याच्या ढिगावर रान उभे राहू शकते, हे धारावीशेजारी दिसते. पण त्याला वर्षानुवर्षे लागली. उभे झाड मात्र एका सकाळी जमीनदोस्त होते. म्हणून नवे रोप लावण्याआधी, आहे ते झाड राखूया.