कागद कापणारे घरगुती यंत्र

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात पत्र्याची अवजड भेंडोळी येतात आणि गिऱ्हाइकाच्या मापाने कापून जातात. पत्रा आधी सपाट कापायचा, मग वाकवून त्याची पेटी किंवा नळी करायची, ही धातुकामाची जुनी रीत. कागदाची प्रतिकृती करताना आपणही तेच करतो. त्या सपाट आकृतीला भूमितीच्या पुस्तकात ‘घडणी’ म्हणतात.

ही घडणी आपोआप कापणारी छोटी यंत्रे आता घरगुती वापरासाठी मिळतात. असे एक यंत्र शाळेसाठी घ्यावे का, असे एका शिक्षकमित्रांनी विचारले, म्हणून ते काही दिवस वापरून पाहिले. चाचणीसाठी विंशतिफलक निवडला. वीस समभुज त्रिकोण, बाजू ५ सेंटिमीटर, कागद जाड कार्डाचा.

यंत्राची रचना सोपी आहे. कागद चिकट मॅटवर बसवतात. रूळ त्याला पुढे-मागे सरकवतात आणि पाते डावी-उजवीकडे धावते. दोन्ही हालचाली स्टेपर मोटरच्या. नेहमीच्या स्टेपर मोटरची एक फेरी २०० टप्प्यांत होते, म्हणजे एका टप्प्याला १.८ अंश. किती टप्पे फिरायचे, एवढेच संगणक सांगतो.

पात्यावरचा भार मात्र फार नसतो. सुमारे २०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे २ न्यूटन. मग जाड कागद कापला जातो कसा? टोकाचे स्पर्शक्षेत्र ०.०१ चौरस मिलिमीटर आहे असे धरा. भागाकार करा. दाब २० कोटी पास्कल येतो. वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २००० पट!

पात्याची खरी गंमत कोपऱ्यावर दिसते. पाते आपल्या आसाभोवती मोकळे फिरते आणि त्याचे टोक आसाच्या किंचित मागे असते. ऑफिसच्या खुर्चीची चाके आठवा. खुर्ची ढकलाल तिकडे चाक आपोआप वळते. पातेही तसेच वळते. पण टोक मागे असल्यामुळे यंत्राला कोपऱ्याच्या थोडे पुढे जाऊन मग वळावे लागते. हे अंतर यंत्राला चुकीचे सांगितले, तर त्रिकोणाची टोके गोल येतात.

चाचणीत कापण्याचे काम काही मिनिटांत झाले आणि कडा सुरेख आल्या. विंशतिफलकाला ३० कडा. त्यांतल्या १९ घडीच्या, उरलेल्या ११ चिकटवायच्या. हाताने कापताना बाजूंत अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, की शेवटचा त्रिकोण मिटताना फट राहते. यंत्राच्या घडणीत ती राहिली नाही. इथे यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

घड्यांचे तसे नाही. आमचे यंत्र घडीच्या जागी तुटक रेघ कापते. रंगीत कार्डावर त्या जागी पांढरे ठिपके दिसतात आणि कड कमकुवत होते. पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनाने दाबून ओढलेली रेघ मला अधिक पसंत पडली. तिने तंतू दबतात, तुटत नाहीत.

शिवाय कागदाला दिशा असते. कारखान्यात कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पसरतो, तेव्हा बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घडी फाटल्यासारखी खरबरीत होते. यंत्राला हे कळत नाही! विंशतिफलकाच्या घड्या तर तीन दिशांना. नेहमीच्या लांबट घडणीत त्यांतल्या १० घड्या लांबीला समांतर असतात, म्हणून तंतूंची दिशा त्या बाजूला ठेवावी.

शिक्षकमित्रांना मी सांगितले: पन्नास मुलांना एकसारखी घडणी द्यायची असेल, तर यंत्र उपयोगी. पण पहिली घडणी प्रत्येकाने कंपास आणि पट्टीने स्वतः काढावी. एका शिरोबिंदूपाशी पाच त्रिकोण मांडले, की ३०० अंश भरतात आणि ६० अंशांची फट उरते. ती फट मिटवल्यावरच कागद वर उचलला जातो. असे १२ शिरोबिंदू, म्हणून एकूण ७२० अंश. आता घनाच्या आठ कोपऱ्यांची फट मोजा. तीही ७२०च भरेल. तयार कापलेला कागद हाती आला, तर ही फट कोण मोजणार?

घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ आहेत. चौकटीच्या कागदावर त्या सगळ्या शोधून पाहा. विंशतिफलकाच्या मात्र ४३,३८० आहेत, तेव्हा तिथे सुटीही पुरणार नाही.