पहिले दर्शन आणि आजची कला

आयुष्यात जे जे पहिल्याने घडते त्याला आपण फार जपतो. मुलाच्या पहिल्या घासाचे उष्टावण करतो, पहिले अक्षर पाटीपूजन करून गिरवून घेतो, पहिला पाऊस आला म्हणजे हातचे काम टाकून दारापर्यंत तरी येतोच. परंतु त्या पहिल्या अनुभवात नेमके काय घडले असे कोणी विचारले, तर आपल्याला सांगता येत नाही. अनुभव आला तेव्हा शब्द नव्हते, आणि शब्द सुचले तोवर अनुभव पहिला राहिलेला नव्हता. आजच्या काही कलावंतांनी हाच पेच आपल्या कलेचा विषय केला आहे. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभी एक घरगुती प्रसंग सांगतो. देशावरच्या आमच्या एक आत्या सत्तरी उलटल्यावर प्रथमच मुंबईस आल्या. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही सारी मंडळी मोठ्या उत्साहाने त्यांना चौपाटीवर घेऊन गेलो. वाळूत पोचताच लहानथोर सगळे त्यांच्यासमोर कोंडाळे करून उभे राहिलो. आमची पाठ समुद्राकडे आणि तोंडे आत्यांकडे. "कसा वाटतो?" "केवढा आहे, नाही?" असा एकच गलका झाला. आत्यांनी आमच्यामधून वाट काढली, पाण्यापर्यंत गेल्या, ओले हात डोळ्यांना लावले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या. परतताना एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सारखे मध्ये येत होता रे."

या वाक्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. तो कसा, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

पहिल्या दृष्टीचे आकर्षण चित्रकारांना जुनेच आहे. रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने 1857 साली चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात निष्पाप दृष्टीचा पुरस्कार केला. समोर गवत आहे हे विसरा आणि केवळ रंगाचा डाग पाहा, असा त्या उपदेशाचा मथितार्थ. पुढे क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची एक इच्छा त्याच्या परिचयातील अमेरिकन चित्रकर्त्री लिला कॅबट पेरी यांनी नोंदवून ठेवली आहे. आपण जन्मांध असतो आणि एकाएकी दृष्टी आली असती तर बरे झाले असते. मग समोरच्या वस्तू काय आहेत हे ठाऊक नसताना त्या रंगविता आल्या असत्या, असे मोनेला वाटे.

इच्छा मोठी काव्यमय आहे. परंतु ज्यांना खरोखरच अशी दृष्टी आली, त्यांचा अनुभव निराळा आहे. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेझल्डन यांनी 1728 साली अशा एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा तेराचौदा वर्षांचा. समज येण्यापूर्वीच त्याची दृष्टी गेलेली होती. मोतीबिंदू काढल्यावर त्याला प्रथम दिसू लागले, तेव्हा सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांनाच चिकटल्या आहेत असे त्याला वाटले. मांजर कोणते आणि कुत्रे कोणते, हे हाताने चाचपल्यावाचून त्याला सांगता येईना. भिंतीवरची चित्रे म्हणजे त्याला रंगीबेरंगी पृष्ठभागच वाटत. त्यांत माणसे आणि वस्तू दाखविल्या आहेत हे त्याला सुमारे दोन महिन्यांनी उमगले. तेव्हा त्याने चित्रावर हात फिरवला, तो सपाट लागला, आणि स्पर्श आणि दृष्टी यांपैकी खोटे बोलणारे कोण, असा प्रश्न त्याने विचारला. चित्रकलेविषयी इतका मूलभूत प्रश्न फार थोड्या पंडितांनी विचारला असेल!

आपल्या देशातही या प्रश्नावर अलीकडे काम झाले आहे. पवन सिन्हा या शास्त्रज्ञांच्या 'प्रकाश' नावाच्या प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांवर उपचार होऊन त्यांना दृष्टी मिळाली. त्यांतील 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांवरील प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. हाताने ओळखलेला आकार शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईना. काही दिवसांतच तो येऊ लागला.

यावरून एक गोष्ट दिसते. पहिले पाहणे हे स्वच्छ पाहणे नव्हे, तो एक गोंधळ असतो. अर्थ मागाहून येतो, आणि तो हळूहळू शिकावा लागतो. तेव्हा निष्पाप दृष्टीने आपण जग नव्याने रंगवू, हा चित्रकाराचा दावा टिकणारा नाही. गोम्ब्रिख या कलेतिहासकारानेही 1960 च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले. जाणत्याला अजाण होता येत नाही.

मग कलावंताने काय करावे? येथे आजच्या कलेने एक वळण घेतलेले दिसते. स्वतः अजाण होण्याचा हट्ट सोडून, दुसऱ्याच्या पहिल्या अनुभवाच्या शेजारी जाऊन उभे राहावे, असा मार्ग काहींनी धरला. रिनेके डाइक्स्ट्रा या डच छायाचित्रकार बाईंनी 1994 साली तीन नवप्रसूत मातांची छायाचित्रे घेतली. एकीला बाळंत होऊन एक तास झालेला, दुसरीला एक दिवस, तिसरीला एक आठवडा. मागे साधी भिंत. आई विवस्त्र उभी. बाळ छातीशी घट्ट धरलेले. आईपणाची जी गोड चित्रे आपण दिनदर्शिकांवर पाहतो, त्यांतले येथे काही नाही. थकवा आहे, ताठरपणा आहे, आणि बाळावर ठेवलेल्या हातात एक राखणही आहे. पहिलेपणाला सुंदर करण्याचा मोह या बाईंनी टाळला.

परंतु या मार्गावरील सर्वांत विचार करावयास लावणारे काम सोफी काल यांचे आहे. 1953 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या बाईंनी 1986 साली काही जन्मांधांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या मनातील सौंदर्याची प्रतिमा कोणती? उत्तर देणाऱ्याचा चेहरा, त्याचे शब्द आणि त्याने सांगितलेल्या वस्तूचे छायाचित्र अशी तिहेरी मांडणी त्यांनी केली. एकाने समुद्राचे नाव घेतले होते.

सुमारे पंचवीस वर्षांनी त्या इस्तंबूलला गेल्या. या शहराशी अंधत्वाची एक जुनी कथा निगडित आहे. बॉस्फरसच्या आशियाई काठावर ग्रीकांनी खाल्केडोन नावाची वसाहत आधी वसविली, आणि समोरच्या काठावर बायझँटियम, म्हणजे आजचे इस्तंबूल, त्यानंतर वसले. समोरची इतकी उत्तम जागा सोडून अलीकडे राहणारे लोक आंधळेच असले पाहिजेत, असे एक इराणी सेनापती म्हणाल्याचे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. या शहरात काल यांनी दोन कामे केली. 2010 सालच्या कामात, ज्यांची दृष्टी पुढे गेली अशा माणसांना त्यांनी शेवटी पाहिलेले दृश्य विचारले. 2011 सालच्या कामाचे नाव 'समुद्र पाहणे' असे आहे.

इस्तंबूलला पाण्याने वेढलेले शहर म्हणण्यास हरकत नाही. तरीही त्याच शहरात राहणारी, परंतु समुद्र कधीच न पाहिलेली माणसे काल यांना भेटली. त्यांना एकेकटे समुद्रकाठी नेण्यात आले आणि त्या क्षणाचे चित्रण झाले. परंतु चित्रण मागून. आपल्याला दिसते ती पाठमोरी आकृती, तिच्यापुढे लाटा, आणि लाटांचा आवाज. बराच वेळ काही घडत नाही. खांदे किंचित हलतात, हात डोळ्यांकडे जातो. मग ती व्यक्ती वळते आणि नुकताच समुद्र पाहिलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहते. कोणी हसते, कोणाच्या डोळ्यांत पाणी असते, कोणी नुसतेच पाहत राहते. भाष्य नाही, मुलाखत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. समुद्राच्या शहरात राहून समुद्र न दिसणे ही काही नवलाची गंमत नव्हे. त्यामागे दारिद्र्य असते, दिवसभराचे काम असते, गाडीभाडे असते. बायकांच्या बाबतीत घराचा उंबराही असतो. मग अशा माणसाचे उशिरा आलेले पहिले दर्शन प्रदर्शनाच्या भिंतीवर लावणे म्हणजे त्याच्या वंचनेचा तमाशा करणे नव्हे काय?

हा आक्षेप पूर्णपणे खोडता येतो असे आम्हांस वाटत नाही. समुद्राची गाठ घालून देणारी व्यक्ती परदेशी, चित्रणाचे यंत्र तिच्या हाती, आणि पाहणारे आपण सुखवस्तू. हे नाते समतेचे नाही. परंतु एक गोष्ट काल यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्या क्षणाचे मोल सर्वांत अधिक, तोच त्यांनी आपल्याला दाखविलेला नाही. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा झाला, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तो क्षण त्या माणसाचा आणि समुद्राचा राहिला. आपल्या वाट्याला येते ते त्यानंतरचे. आणि तो माणूस वळून आपल्याकडे पाहू लागला की आपणच थोडे ओशाळतो. इतका वेळ पाहणारे आपण होतो, आता पाहिले जाणारेही आपणच झालो.

पहिला अनुभव दाखविता येत नाही, त्याला जागा मात्र देता येते. आजच्या या कलेचे सार आम्ही असे समजतो. जागा देण्याचा पहिला नियम म्हणजे मध्ये न येणे.

हे केवळ कलावंतांपुरते नाही. आज प्रत्येकाच्या खिशात चित्रण करणारा फोन आहे. मूल प्रथम पाऊल टाकते, प्रथम हत्ती पाहते, प्रथम शाळेत जाते, त्या वेळी त्याच्यासमोर आपण यंत्र धरून उभे असतो, आणि हत्तीऐवजी मुलाला आपणच दिसतो. चित्र जरूर काढावे. आठवणीची हौस कोणाला नाही? परंतु एकदा तरी मागे जाऊन उभे राहावे, आणि मूल वळेल तोवर वाट पाहावी.

आत्यांचे त्या दिवशीचे छायाचित्र आमच्यापाशी आहे. त्यात आम्ही सगळे हसत उभे आहोत, मध्ये आत्या आहेत, आणि समुद्र मात्र कोठे दिसत नाही.