बात्सेक म्हणजे खमीर नव्हे, कणीक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशन वऱ्हाडात आलं आणि अकोला त्याचं केंद्र झालं. तेव्हापासून अकोला-अमरावतीच्या ख्रिस्ती घरांत इस्राएली लोक मिसर देशातून रातोरात निघाले ती गोष्ट मराठीतून सांगितली जाते. निघताना त्यांनी खांद्यावर जे पीठ घेतलं, त्याला मूळ हिब्रूत ‘बात्सेक’ म्हटलं आहे. या साध्या शब्दाबद्दल बरेच गैरसमज आहेत, आणि ते दूर करायला वऱ्हाडातल्या चुलीइतकी चांगली जागा नाही.

पहिला गैरसमज असा, की बात्सेक म्हणजे आंबून फुगलेलं पीठ. त्याला कारणही आहे. या शब्दाच्या धातूचा अर्थ फुगणं, सुजणं असा आहे. अनुवादाच्या 8व्या अध्यायात, चाळीस वर्षं चालूनही लोकांचे पाय सुजले नाहीत असं सांगताना हाच धातू वापरला आहे. पण शब्दाचं मूळ एक आणि वापर दुसरा. जुन्या करारात हे नाम पाच ठिकाणी येतं. निर्गमच्या 12व्या अध्यायात दोनदा आलंय, आणि तिथं हे पीठ अजून आंबलं नव्हतं असं मुद्दाम सांगावं लागतं. होशेयच्या 7व्या अध्यायात भटारी पीठ मळून ते आंबेपर्यंत थांबतो, म्हणजे तिथं आंबण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. नुसत्या बात्सेकमध्ये ती नसते. उरलेल्या दोन जागी, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आणि यिर्मयात, बायका ते मळताना दिसतात. राजा दाविदाची मुलगी तामार आजाऱ्याचं सोंग घेतलेल्या सावत्र भावासाठी, अम्नोनसाठी, पीठ मळते, तेव्हा तिच्या हातात असते ती आपली रोजची कणीक. खमिराला हिब्रूत वेगळा शब्द आहे, ‘सेओर’, आणि आंबलेल्या पदार्थाला ‘हामेत्स’.

खमीर म्हटलं की आज दुकानातली यीस्टची पुडी आठवते. त्या काळी ती नव्हती. आधीच्या पिठातला एक गोळा राखून ठेवायचा, तो आंबला की नव्या पिठात कालवायचा, हेच सेओर. शिवाय विरजण न घालताही कणीक आंबतेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा सकाळी मळलेला गोळा झाकून ठेवला तर संध्याकाळी त्याला आंबूस वास सुटतो, बोट लावलं की चिकट तार येते. म्हणूनच यहुदी धर्मशास्त्रात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, बिनखमिरी कणकेला वेळेची मर्यादा आहे. ती न हाताळता 18 मिनिटं पडून राहिली तर आंबलेली मानतात.

मग त्या पिठाचं झालं काय? मत्सा, म्हणजे वल्हांडणाची बिनखमिरी भाकरी, म्हटलं की खोक्यातली कुरकुरीत चौकोनी चकती डोळ्यांपुढे येते. पण यंत्रावरची मत्सा ही एकोणिसाव्या शतकातली. येमेनी आणि इराकी यहुद्यांत मऊ, घडी घालता येईल अशी मत्सा आजही आहे. निर्गमात तर त्या कणकेचे ‘उगोत’ भाजले असं म्हटलंय. हाच शब्द एलीयाच्या गोष्टीत तापल्या निखाऱ्यांवर भाजलेल्या भाकरीसाठी येतो. वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, त्याच्याकडे रोडगा आहे. बहिरमच्या यात्रेत गोवऱ्यांच्या आरावर रोडगे लावतात. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची, पाऱ्या एकात एक मिटून गोळा करायचा, आत-बाहेर खरपूस होईतो भाजायचा, राख फडक्यानं झटकायची, फोडून तुपात बुडवायचा. खमिराचा कणही नाही. मत्सेत तेल-मीठ नसतं एवढा फरक सोडला, तर वाळवंटातल्या त्या न्याहारीची कल्पना पावापेक्षा रोडग्यावरून जास्त नीट येते.

मराठी मुलखाला हे नवीन नाही. कोकणातले बेने इस्राएल यहुदी पिढ्यान्‌पिढ्या वल्हांडणाचा सण पाळत आले. वल्हांडणाच्या विधीचं हगादा हे पुस्तक 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठीत छापलं गेलं, त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका मत्सा करताहेत. मराठी बाई आणि बात्सेक यांची गाठ इतकी जुनी आहे.

कोणी विचारतं, ज्वारीचं भिजवलेलं पीठही मग वल्हांडणात चालणार नाही का? यहुदी शास्त्रानुसार हामेत्स होतो तो फक्त पाच धान्यांचा, गहू आणि जव त्यांतले मुख्य. तांदूळ आणि बाजरीसारखी बारीक धान्यं भिजवून ठेवली तर नासतात, हामेत्स होत नाहीत, असं तालमूद सांगतो. आपल्या परातीतही त्याची खूण दिसते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा, म्हणजे ग्लुटेन, नाही. त्यामुळे आंबताना निघणारा वायू पिठात कोंडून राहत नाही आणि पीठ गव्हासारखं फुगत नाही. हा चिकटपणा नसल्यामुळेच भाकरीचं पीठ ऐन वेळी गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. तरी अश्कनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेचे, यहुदी सणात तांदूळही टाळतात. तो नंतरचा रिवाज, बायबलची आज्ञा नव्हे.

शेवटी पिठासाठीचा आणखी एक शब्द. गणनेच्या 15व्या अध्यायात पहिल्या कणकेतला वाटा देवाला द्यायला सांगितलाय, तिथं मात्र बात्सेक नाही, ‘अरिसा’ आहे. त्याचा अर्थ मळलेली कणीक की भरडलेलं पीठ, यावर अभ्यासकांत आजही दोन मतं आहेत. त्या वाट्याला ‘हल्ला’ म्हणतात. शब्बाथच्या वेणीदार पावाला हे नाव फार नंतर मिळालं.