माळ पडीक नसतो

अभयारण्य म्हटलं की गर्द झाडी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पाहिला की ‘हे कसलं अभयारण्य?’ असं अनेकांना वाटतं. पवन्या, कुसळी ही गवतं, मधूनच एखादं बोराचं झुडूप आणि पावसाळा सरला की सगळं पिवळं. पण हे अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी आहे आणि त्याला नेमकं हेच लागतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि धोका लांबूनच दिसावा म्हणून तिला चहूबाजूंनी मोकळी नजर हवी असते. तिथे गिरिपुष्पाची दाट लागवड केली, की फोटोत हिरवळ दिसते आणि माळढोकाची जागा जाते. पूर्वी इथे जंगलच होतं, ते तुटून माळ झाला, असा आक्षेप हमखास येतो. पण तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासणाऱ्या अलीकडच्या संशोधनातही पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा मोकळा, गवताचा आणि काटेरी झाडांचाच दिसतो.

क्षेत्र जितकं मोठं तितकं संरक्षण पक्कं, हाही असाच एक समज. १९७९ साली हे अभयारण्य झालं तेव्हा नकाशावर ८,४९६ चौरस किलोमीटर आखले गेले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, वस्त्या, गावंच्या गावं त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांचा राग निघाला तो माळढोकावर. हा राग अनाठायी नव्हता. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण पक्ष्याला हद्द कळत नाही. तो पिकांत चरतो, दूरवर उडतो. डोळे बाजूंना असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी पंधरा किलोपर्यंतचं धूड ऐनवेळी वळवता येत नाही. म्हणजे राखीव माळ हवाच, पण भोवतालच्या शिवाराशी त्याचा मेळ बसल्याशिवाय तो अपुराच पडतो.

आता नान्नजला माळढोक दिसणंच दुर्मीळ झालंय, मग अभयारण्य ठेवायचं कशाला? प्रश्न रास्त आहे, पण तो एकाच पक्ष्यावर अडतो. लांडगा, काळवीट, खोकड याच गवताळ माळावर जगतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर नाकतोडे टिपतात, रात्री गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. नाकतोडे कमी होण्यात फायदा शेजारच्या शेतकऱ्याचा, हे कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. सरकारी नकाशांत मात्र अशी कितीतरी गवताळ जमीन आजही पडीक गणली जाते, आणि सौरप्रकल्प असो वा वृक्षलागवड, पहिली नजर तिच्यावरच जाते.