मानधनातले कापलेले पैसे

वेबसाइटसाठी मजकूर लिहून देणारे आपल्यात बरेच जण आहेत. ठरले ६०,००० आणि खात्यात आले ५४,०००, की आम्ही ‘गेले सहा हजार’ म्हणून गप्प बसतो. पण ते कुठे गेले? एकाच कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक मानधन झालं, की ती १० टक्के टीडीएस कापून तुमच्या पॅनवर सरकारजमा करते. पॅन दिला नसेल तर २० टक्के! तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून हे पैसे परत मिळतात. मी दर तीन महिन्यांनी आयकर पोर्टलवर ही नोंद तपासते. कापूनही नोंद दिसत नसेल, तर हिशेब बघणाऱ्याला लगेच मेल टाकायचा. इथे भीड धरायची नाही, पैसे आपल्या घामाचे आहेत.