थेंबाखालचं लोखंड

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांचा एक प्रयोग आजही कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघता येतो. पोलादी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने लख्ख घासायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन रसायनं आधीच मिसळलेली असतात. लोखंड विरघळायला लागलं की पोटॅशियम फेरिसायनाइडमुळे तिथे निळा रंग येतो, आणि पाणी अल्कधर्मी झालं की फिनॉल्फथॅलीनमुळे गुलाबी. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके थेंबभर विखुरलेले असतात. मग हळूहळू ते जागा बदलतात. मधला भाग निळा होतो, कड गुलाबी होते, आणि दोघांच्या मध्ये तपकिरी गंजाचं एक कडं उमटतं.

पत्रा झिजतोय मध्यभागी आणि गंज साठतोय बाजूला! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की जुन्या जीपखाली वाकून बघण्याची नजरच बदलते.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. जिथे हवा जास्त तिथे लोखंड जास्त खाल्लं जाणार असं आपण धरून चालतो, पण घडतं उलटं. कडेवरचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो आणि ते पुरवतं मधलं, हवेला पारखं झालेलं लोखंड. इलेक्ट्रॉन पत्र्यातून जातात, आयन मिठाच्या पाण्यातून, आणि एका थेंबात अख्खी बॅटरी चालू होते. मधून सुटलेलं लोखंड पाण्यातून बाहेरच्या बाजूला सरकतं, वाटेत त्याला कडेकडून आलेले हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिजन भेटतात, आणि तिथे गंज तयार होतो.

आता हाच थेंब कोकणातल्या एखाद्या जुन्या महिंद्रा जीपला लावून पाहा. बॉनेटवर खडा लागून रंग उडाला की तिथे तांबूस डाग दिसतो आणि मालकाचा जीव वरखाली होतो. पण बॉनेट उघड्यावर असतं, उन्हात तासाभरात वाळतं. खरं नुकसान चालू असतं ते बॉडी आणि चॅसीच्या मधल्या रबरी पॅडखाली, फ्लोअरच्या पत्र्याला खालून जोडलेल्या पोकळ पट्ट्यांत, जिथे दोन पत्रे एकावर एक बसवून स्पॉट वेल्डिंग केलंय त्या फटीत. तिथे पाणी जातं, हवा मात्र जात नाही. ती प्रत्येक फट म्हणजे थेंबाचा मध्यभाग.

या गाडीच्या मूळ घराण्यातच याचा एक विलक्षण दाखला आहे. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ज्या विलिस जीप मुंबईत जोडायला घेतल्या, त्यांची पूर्वज म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. तिच्या फ्लोअरखालच्या काही पोकळ पट्ट्यांत मजबुतीसाठी चक्क लाकूड भरलेलं असे. लाकूड पाणी शोषून धरायचं आणि पट्टी आतून सडत जायची. वरून सगळं ठणठणीत. युद्धासाठी घाईने बनवलेल्या गाडीने इतकी वर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे मला त्यात कुणाचा दोष वाटत नाही.

किनाऱ्यावर मिठाची भर पडते. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे हिवाळ्यात बाहेरून वाळलेली दिसणारी गाडीसुद्धा आतल्या फटींत ओलीच असू शकते. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. जोडातले दोन पत्रे तो आतून फाकवतो, फट रुंदावते, आणखी खारं पाणी आत शिरतं.

म्हणूनच गॅरेजमधले दोन सर्रास चालणारे उपाय मला पटत नाहीत. एक, सडलेल्या भागावरच नवा पत्रा ठेवून वेल्डिंग मारणं. त्याने दोन पत्र्यांमध्ये नवी, अगदी बंद फट तयार होते. दुसरा, चिखलमातीवरूनच काळं अंडरकोटिंग फासणं. काही दिवसांनी ते कडक होतं, त्याला भेग पडते, आणि मग पाणी कोटिंगच्या मागे बसतं.

नीट काम करायचं तर आधी हातोडीने चॅसी आणि फ्लोअर ठोकत जायचं. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा. बॅटरी सोडायची, डिझेलची टाकी दूर करायची, आणि सडलेला भाग ग्राइंडरने थेट चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा. नवा तुकडा वर चढवायचा नाही, कडेला कड भिडवून मिग वेल्डिंगने जोडायचा. आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोकं पडतात. रंगाआधी भरपूर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं, कारण गंजात अडकलेलं मीठ रंगाखालीही आपलं काम चालू ठेवतं.

पत्र्याच्या खड्ड्यांत जो थोडा गंज उरतोच, त्यावर टॅनिनयुक्त कन्व्हर्टर लावतात. तपकिरी गंज डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होत असे, तीही याच रसायनाची: हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला धरून काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनवतं. सह्याद्रीत हिरडा वेचणाऱ्यांच्या टोपलीत हे रसायन कायमच होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग प्रायमर. रेड ऑक्साइडचा लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूत आणि जांभ्याच्या लाल मातीत असतो तोच. पण तो फक्त हवा-पाणी अडवतो. ओरखडा गेला की खालचं लोखंड उघडं. झिंक भरपूर असलेला प्रायमर त्याहून पुढचं काम करतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं, म्हणून ओरखड्यात पाणी साचलं तरी झिजतं जस्त, आणि लोखंडाकडे थेंबाच्या कडेची भूमिका येते. त्यासाठी जस्ताचा पत्र्याला थेट स्पर्श हवा, म्हणून हा प्रायमर उघड्या, घासलेल्या पोलादावरच मारायचा, कन्व्हर्टर लावलेल्या जागी नाही.

शेवटी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स. लांब नळीने ते आतल्या अंगाला फवारायचं. हे काम मे महिन्यात करावं: पत्रा कोरडा असतो आणि उष्म्याने पातळ झालेलं वॅक्स बारीक फटींत स्वतःहून शिरतं. नंतर तळाची, पाणी निघून जाण्याची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नये, कारण तेच वॅक्स ती बुजवतं.