उलटं गोपूर

शनिवारची संध्याकाळ, खिडक्यांना चादरी लावून केलेला अंधार आणि भिंतीवर प्रोजेक्टर. पुण्यातल्या आमच्या कॅमेरा क्लबात प्रवासाचे फोटो दाखवायचा नियम एकच : माणशी 10. अकरावा दाखवलात, तर चहा तुमच्याकडून!

यावेळी तिघं हंपीहून आलेले. मातंग टेकडीवरचा सूर्योदय तिघांनीही आणलेला. सुंदरच, पण तिसऱ्यांदा जांभया. मग एफवायच्या एका मुलीचा मोबाइलवरचा फोटो आला. भिंतीवर कसलीशी पुसट, उलटी आकृती.

"फोकस गेलाय," मागून कुणीतरी म्हणालंच.

"विरूपाक्ष मंदिराचं गोपूर आहे हे. अंधाऱ्या खोलीत छोट्याशा भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपूर उलटं दिसतं."

म्हणजे अख्खी खोलीच पिनहोल कॅमेरा की राव! आपल्या डीएसएलआरच्या सेन्सरवरही चित्र उलटंच पडतं, ते मात्र आपण कधी बघत नाही. सूर्योदयवाले तिघं गप्प. तेही त्याच मंदिरात गेले होते ना!

शेवटी एका काकांचा फोटो. तुंगभद्रेत टोपलीसारखी गोल होडी वल्हवणारे आजोबा, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. टाळ्या पडल्या. तीच मुलगी म्हणाली, "काका, त्यांना विचारलं होतंत?"

"लांबून काढलाय, टेलीनं."

पुढे टपरीवर तासभर वाद. रस्त्यावरच्या माणसाला विचारलं, की तो पोझ देतो, हे काकांचं म्हणणं मलाही पटतं. पण तो फोटो त्यांनी स्पर्धेला पाठवला नाही. डिसेंबरात ते पुन्हा हंपीला जाणारेत, प्रिंट घेऊन. आजोबा सापडले तर बरं.